ऐकणाऱ्याचे ऋण

पुराणांत आकाशवाणीचे प्रसंग पुष्कळ येतात. कंस आपल्या बहिणीचा रथ स्वतः हाकीत निघाला असता आकाशातून शब्द आले, आणि त्या शब्दांसरशी लग्नाच्या वरातीची वाट कारागृहाकडे वळली. अशा सर्व प्रसंगांत एक गोष्ट सारखी असते. बोलणारा दिसत नाही, आणि ऐकणाऱ्याला उलट विचारण्याची सोय नसते. आकाशाने सांगावे आणि पृथ्वीने ऐकावे, असा तो व्यवहार आहे. म्हैसूर येथे १९३५ साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या नभोवाणी केंद्रास हेच नाव दिले, आणि पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीचे नाव झाले. नाव सुंदर आहे यात शंका नाही. परंतु त्या नावाबरोबर आपण एक गोष्ट नकळत मान्य करून बसलो. बोलणारा वर असतो आणि ऐकणारा खाली.

आम्हां हैदराबादकरांना तर हा अनुभव जुनाच आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदीची घोषणा केली ती नभोवाणीवरून. त्यापूर्वी संस्थानाचा मोठेपणा ज्या डेक्कन रेडिओवरून सांगितला जात असे, त्याच यंत्रातून संस्थानाचा शेवटही ऐकू आला. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीत सामील झाले. राज्य गेले, दुसरे आले. श्रोता मात्र होता तेथेच, यंत्रापुढे कान लावून बसलेला. त्याचे काम ऐकण्याचे. त्यालाही काही सांगावयाचे असेल, हा विचार कोणाच्या मनात फारसा आला नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांस अशा एका केंद्राविषयी लिहावयाचे आहे, की ज्याचा आवाज आकाशातून उतरत नाही, मातीतून वर येतो. त्या निमित्ताने एक प्रश्नही वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. ज्यांचे आजवर कोणी ऐकले नाही त्यांना बोलू देणे, हे दान आहे की ऋणाची फेड आहे? दोन्हींत हात देणाऱ्याचाच दिसतो, पण मनाची अवस्था अगदी निराळी असते. दान करणारा उंचावर उभा असतो. ऋण फेडणारा मान खाली घालून उभा असतो.

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की जहीराबाद लागते. पूर्वीच्या मेदक जिल्ह्यातील आणि २०१६ पासून संगारेड्डी जिल्ह्यात आलेला हा मुलूख म्हणजे दख्खनच्या पठाराचा एक उघडा, वाऱ्यावर पडलेला तुकडा होय. पश्चिमेस बीदर जवळ, त्यापलीकडे महाराष्ट्र. तांबडी, खडकाळ, उथळ जमीन. मध्येच काळीचे पट्टे. पावसाचा भरवसा नाही. आपल्यापैकी पुष्कळांना हा भाग झरासंगमच्या केतकी संगमेश्वरामुळे ठाऊक आहे. महाशिवरात्रीस तेथे कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातूनही भाविक येतात. केतकीच्या फुलाने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने ते आपल्या पूजेतून वर्ज्य केले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. तेच वर्ज्य झालेले फूल झरासंगमच्या शंकराला चालते, असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात. या श्रद्धेची शास्त्रीय चिकित्सा करण्याचे आम्हांस कारण नाही. एकदा बाहेर घातलेल्याला देवाने पुन्हा आत घेतले, अशी आठवण त्या मातीने जपून ठेवली आहे, एवढेच लक्षात असू द्यावे.

त्याच परिसरात माचनूर नावाचे खेडे आहे, आणि तेथे ‘संगम रेडिओ’ हे केंद्र आहे. हा ‘संगम’ नद्यांचा नव्हे. तेलुगूत संघाला ‘संघम्’ म्हणतात; तोच हा शब्द. १९८३ साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने जहीराबादभोवतीच्या खेड्यांत बायकांचे संघ बांधले. या बायका बहुतेक सर्व दलित, पुष्कळशा भूमिहीन किंवा एकदोन एकर पडीक जमिनीच्या धनी, आणि बहुसंख्य निरक्षर. गावात त्यांची वस्ती शेवटच्या टोकाला. त्यांचे बोलणेही शेवटच्या टोकाला. सभेत त्या मागे बसत, आणि कोणी काही विचारलेच तर पुरुषांकडे पाहत. १९९८ च्या सुमारास युनेस्कोच्या साह्याने त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणाची व प्रक्षेपणाची सामग्री माचनूरला आली. नरसम्मा हे एकच नाव असलेल्या दोन दलित तरुणींनी ते यंत्र चालवावयास शिकून घेतले. यंत्र आले, शिकलेल्या मुली आल्या, सांगण्यासारखे तर पिढ्यांचे साठलेले होते. पण बोलण्याची परवानगी नव्हती.

परवानगी नव्हती, याचे कारण १८८५ सालच्या इंग्रजी अमदानीतील तारायंत्राच्या कायद्यात होते. त्या कायद्याच्या आधारे ध्वनिलहरींवर सरकारचीच मालकी चालत आली होती. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मालकीस धक्का दिला. दावा होता क्रिकेटच्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे याचा. वादी-प्रतिवादी होते केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना. परंतु न्या. पी. बी. सावंत आणि त्यांचे सहकारी न्यायमूर्ती यांनी त्या खेळाच्या भांडणातून एक मोठे तत्त्व बाहेर काढले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिचा विनियोग लोकांच्या हितासाठीच झाला पाहिजे. चेंडूफळीच्या वादातून ज्वारी पेरणाऱ्या बायकांचा हक्क निघावा, ही दैवाची गंमत म्हणावी लागेल.

तथापि तत्त्व मान्य होणे आणि दार उघडणे यांत आपल्याकडे बरेच अंतर असते. २००२ च्या धोरणाने प्रथम शिक्षणसंस्थांना परवाने मिळू लागले. म्हणजे ज्यांना बोलण्याची साधने आधीच होती त्यांना. स्वयंसेवी संस्थांना दार उघडले ते २००६ च्या नोव्हेंबरात. तोवर सुमारे दहा वर्षे माचनूरच्या बायका काय करीत होत्या? त्या ध्वनिमुद्रण करीत होत्या. गाणी, बी-बियाण्यांची माहिती, बाळंतपणातील उपचार, सणवार, झाडपाला, भांडणे आणि त्यांचे निवाडे हे सारे त्या ध्वनिफितींवर उतरवीत, आणि त्या फिती हाताने गावोगाव नेऊन संघाच्या बैठकींत वाजवीत. लहरींवरून जाण्यास बंदी होती, म्हणून शब्द पायी चालत गेला. आम्हांस या दहा वर्षांचे मोल प्रत्यक्ष प्रक्षेपणाहूनही अधिक वाटते. आपला आवाज दूर जाणार नाही हे ठाऊक असूनही तो नीट सांभाळून ठेवणे, यात जी निष्ठा आहे तिला उपासनेखेरीज दुसरे नाव नाही.

१५ ऑक्टोबर २००८ रोजी, ग्रामीण स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय दिनी, ‘संगम रेडिओ’चे प्रक्षेपण रीतसर सुरू झाले. स्वयंसेवी संस्थेने ग्रामीण भागात चालविलेले, परवानाधारक असे हे देशातील पहिले लोककेंद्र. शेतातील कामे उरकून, चुली पेटवून झाल्यावर, सायंकाळी सातपासून दोन तास कार्यक्रम होत. भाषा तेलुगू, पण शहरातील वर्तमानपत्रांची नव्हे. त्या भागातील बोली, जिच्यात कानडी, मराठी आणि दखनी या तिघींचे शब्द येऊन मिसळले आहेत. जी ऐकून शहरातला शिकलेला तेलुगू मनुष्य पूर्वी हसत असे. या केंद्राचा आवाज जेमतेम पंचवीस किलोमीटरपर्यंत पोचे. तेवढ्यात संस्थेची बहुतेक खेडी येत.

येथवर हकिकत झाली. आता जे आक्षेप सुज्ञ माणसांच्या मनात येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. कारण ते आमच्याही मनात आले होते.

पहिला आक्षेप भाकरीचा. ज्यांच्या पोटाची भ्रांत आहे त्यांना आवाज कशाला? आधी अन्न, मग शब्द. हा आक्षेप दयेतून येतो, म्हणून तो तत्काळ पटतो. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. अन्न कसे मिळवावे हे आम्हांस ठाऊक आहे, त्यांना ते नाही, असे ते गृहीत होय. जहीराबादच्या बायकांच्या बाबतीत वस्तुस्थिती उलट होती. स्वस्त धान्याच्या दुकानात तांदूळ येऊ लागला आणि ऊस-कापसासारख्या नगदी पिकांना मान मिळाला, तशी त्यांची ज्वारी, बाजरी, राळे, कोद्रा, सावा ही धान्ये ‘गरिबांचे खाणे’ म्हणून मागे पडली, आणि त्यांबरोबर ती कशी पेरावी, कशात मिसळून पेरावी, कोणती कोणत्या मातीत रुजते, याचे ज्ञानही अडाण्यांचे ज्ञान ठरले. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते बोलण्यात होते. बोलणे थांबले असते, तर बियाणेही संपले असते.

त्या बायकांच्या तोंडी एक शब्द आहे: ‘सत्यम् पंटलु’, म्हणजे सत्याची पिके. रब्बीत, पाऊस नसताना, पाटाचे पाणी नसताना, केवळ जमिनीतील ओल आणि रात्रीचे दव यांवर जी पिके वाढतात त्यांना त्या हे नाव देतात. कोणाचा आधार नसताना जे उभे राहते ते सत्य, अशी सत्याची व्याख्या एखाद्या भाष्यकारानेही केली असती तर आपण ती लिहून ठेवली असती. ज्यांनी केली त्या लिहू शकत नाहीत, एवढाच काय तो फरक. बियाणे उसने न्यावे आणि सुगीनंतर नेल्यापेक्षा अधिक परत करावे, हा त्यांच्या संघांचा नियम आहे. शब्दाचेही तसेच आहे. कोठारात कुलूप लावून ठेवलेले बी किडते, आणि मनात कोंडून ठेवलेला शब्दही. म्हणून अन्न आधी की आवाज आधी, हा प्रश्नच मुळात चुकलेला आहे. त्यांचे अन्न त्यांच्या आवाजातच साठवलेले होते.

दुसरा आक्षेप लहानपणाचा. पंचवीस किलोमीटर जाणाऱ्या आवाजाने काय होणार? ज्या काळात एका क्षणात साऱ्या जगाला काही सांगता येते, त्या काळात चार खेड्यांपुरते यंत्र म्हणजे खेळणे नव्हे काय? या आक्षेपास आमचे कोकणी वाचक अधिक चांगले उत्तर देऊ शकतील. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून एक लहानसा आवाज गोमंतकाच्या दिशेने निघाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविलेले ते गुप्त केंद्र. पोर्तुगीज सत्तेजवळ पणजीचे मोठे केंद्र होते, छापखाने होते, तुरुंग होते. या दोघांजवळ एक यंत्र, भोवती अरण्य, आणि कोकणी व पोर्तुगीज अशा दोन भाषा. पुढे कॅसलरॉकच्या बाजूस मुक्काम हलला; पण १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, सहा वर्षे, तो आवाज थांबला नाही. तो किती लोकांनी ऐकला याची मोजदाद कोणी केली नसेल. परंतु बंद खोलीत, आवाज अगदी लहान करून, जो तो ऐकत होता त्याला एक गोष्ट कळत होती: आपल्या भाषेत आपल्याशी कोणीतरी बोलत आहे. आवाजाची किंमत तो किती दूर गेला यावर ठरत नाही. ज्याच्यासाठी तो निघाला त्याच्यापर्यंत पोचला की नाही, यावर ठरते. देवघरातील समईचा उजेड रस्त्यावर पडत नाही, म्हणून ती विझवावी असे कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि त्याला सरळ उत्तर नाही. प्रत्येकाचे बोलणे ऐकण्याजोगे असते काय? प्रत्येकाला ध्वनिक्षेपक दिला, तर जगात ज्ञान वाढेल की गोंगाट? आज आपण पाहतोच, की बोलणारे उदंड झाले आहेत, आणि ऐकणारा शोधून सापडत नाही. मग आणखी एका आवाजाची भर घालून काय साधले?

आमचे म्हणणे असे, की या आक्षेपात रोग बरोबर ओळखला आहे, औषध मात्र चुकले आहे. गोंगाट होतो तो बोलणारे वाढल्यामुळे नव्हे, ऐकणारे घटल्यामुळे. महाभारतातील सभापर्व आठवावे. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला: जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? तिचा आवाज लहान नव्हता. तो प्रत्येकाच्या कानी पडला. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून स्वतःस सोडवून घेतले. विकर्ण एकटा बोलला, तर त्याला कर्णाने गप्प बसविले. तिला बोलता आले नाही असे म्हणता येणार नाही. तिचे ऐकले गेले नाही, हा त्या सभेचा अपराध. शब्द कानी पडणे म्हणजे श्रवण नव्हे. ज्या श्रवणाने ऐकणाऱ्याच्या ठिकाणी काही हलत नाही, ते भिंतीचे श्रवण होय.

याच्या उलट दृष्टान्त छांदोग्य उपनिषदात आहे. सत्यकामाने आपले गोत्र विचारले, तेव्हा त्याची आई जबाला म्हणाली, की मी तरुणपणी अनेकांची सेवाचाकरी करीत हिंडले, त्या काळात तू झालास. गोत्र मला ठाऊक नाही. त्याने जाऊन गुरूंना अक्षरशः तेच सांगितले, आणि गौतमांनी त्याला सत्यापासून ढळला नाही म्हणून शिष्य करून घेतले. या कथेचे श्रेय आपण सत्यकामाच्या खरेपणाला देतो, आणि ते योग्यच आहे. पण थोडे थांबून पाहिले म्हणजे दिसते, की आश्रमात त्या दिवशी बोलला मुलगा, पण ऐकू आला तो आवाज एका दासीचा होता. ज्या बाईला आश्रमाच्या दारातही कोणी उभे केले नसते, तिचे वाक्य एका ऋषीने प्रमाण मानले. खरे बोलण्यास धैर्य लागते, हे खरेच. पण तसल्या तोंडून आलेले खरे ऐकून घेण्यासही तितकेच धैर्य लागते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले का मांडले, याचे एक उत्तर आम्हांस येथे मिळते.

येथपर्यंत आम्ही जणू दुसऱ्या कोणाविषयी बोलत आलो. आता आपल्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, आणि ती सुखाची नाही.

१९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत संस्थानातील सामाजिक सुधारणेची परिषद भरली. जागा आपल्या विवेकवर्धिनीची. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. परिषदेचा हेतू पवित्र होता. ज्या स्त्रियांचा आवाज समाजाने बंद केला होता, त्यांच्यासाठी ज्या पुरुषाने आयुष्य वेचले, तोच अध्यक्षस्थानी होता. भाषणे इंग्रजीत, उर्दूत, मराठीत होत होती. अलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील उठले आणि तेलुगूत बोलू लागले. तेलुगू ही संस्थानातील सर्वांत मोठ्या प्रजेची भाषा. सभेत गडबड सुरू झाली. लोक हसले, त्यांची टर उडविली गेली, त्यांना बोलणे अशक्य झाले. त्या श्रोत्यांत मोठा भरणा मराठी मंडळींचा होता. अपमान झालेली तेलुगू मंडळी तेथून उठून गेली, आणि त्यांनी ‘आंध्र जन संघम्’ स्थापन केला. त्यातून पुढे आंध्र महासभा झाली, आणि तिच्या पहिल्या अधिवेशनास १९३० साली मेदक जिल्ह्यातील जोगीपेठ येथे आरंभ झाला. तेलंगणाच्या इतिहासात ही घटना प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. आमच्या घरांत ती क्वचितच सांगितली जाते.

आपल्या वडीलधाऱ्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांची बाजूही होती. त्या काळी राज्याचा कारभार उर्दूत चाले. सभा भरवावयास सरकारची परवानगी लागे. आपल्या मुलांना मराठी शाळा मिळावी म्हणून याच मंडळींनी पदरमोड करून, सरकारचा रोष पत्करून विवेकवर्धिनी उभी केली. म्हणजे ज्यांनी हसून दुसऱ्याची भाषा बंद पाडली, त्यांची स्वतःची भाषाही दरबारात बंदच होती. या प्रसंगातून आम्ही जो धडा घेतो तो हाच, आणि तो कडू आहे. आपणांस कोणी ऐकले नाही, एवढ्याने आपण ऐकणारे होत नाही. जखम माणसाला दयाळू करते असे काव्यात म्हणतात. व्यवहारात ती बहुधा त्याला फक्त स्वतःच्या जखमेपुरते शहाणे करते.

आणि ही साखळी तेथे संपत नाही. आंध्र जन संघाचे संस्थापक शहरातील सुशिक्षित वकील आणि लेखक होते. त्यांची तेलुगू सभेत आली. पण जहीराबादच्या माळावर खुरपणी करणाऱ्या बाईची तेलुगू त्यानंतरही बाहेरच राहिली. १९२१ ते २००८ या ८७ वर्षांत ‘संघम्’ हा शब्द विवेकवर्धिनीपासून माचनूरपर्यंत येऊन पोचला. आमच्या या मासिकाची मराठी आणि कोकणी पाने एकमेकींस लागून आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट बोलावी लागते. कोकणी ही भाषा की बोली, या वादात आम्हां मराठी लिहिणाऱ्यांनी कोकणी माणसाचे म्हणणे ऐकण्याआधीच निकाल देऊन टाकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. १९७५ साली साहित्य अकादमीने आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टाने जे मान्य केले, ते शेजारच्या घराला आधी ऐकू यावयास हवे होते.

म्हणूनच आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे: हे दान नव्हे, हे ऋण आहे. आणि या ऋणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. माचनूरच्या बायका आमच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या लहरी हैदराबादपर्यंत पोचतच नाहीत. त्या एकमेकींशी बोलतात. या गावची बाई त्या गावच्या बाईला बी कसे राखले ते सांगते. त्यांना आमच्या शाबासकीची गरज नाही. तेव्हा त्यांचे कौतुक करून हे ऋण फिटत नाही. ते फेडावयाचे असते आपापल्या अंगणात, जेथे आपला ध्वनिक्षेपक आहे आणि तो कोणाच्या हाती द्यावयाचा हे आपण ठरवितो.

गेल्या वर्षीच्या नवरात्रातील गोष्ट. आमच्या देवळात महाप्रसादाची मोठी भांडी घासणाऱ्या एक बाई आहेत. पुष्कळ वर्षे आहेत. सारे त्यांना अक्का म्हणतात. त्या जहीराबादकडच्या, हेही आम्हांस त्या दिवशीच कळले. नळाखाली पातेली घासता घासता त्या बतुकम्माचे गाणे म्हणत होत्या. दोघी-तिघी मुली आमच्याकडे धावत आल्या आणि म्हणाल्या, “काका, अक्कांना माइकवर गाऊ द्या ना.” कार्यक्रमपत्रिका आमच्या हाती होती. कीर्तनाची वेळ झाली होती, पाहुणे बसले होते. आम्ही म्हणालो, “अक्का, आज वेळ नाही हो, उद्या पाहू.” आमच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, घाई होती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “असू दे, साब.” दुसऱ्या दिवशी ही गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नाही. आमच्याही राहिली नाही. १९२१ च्या सभेत लोक हसले तरी. आम्ही तेवढेही केले नाही. विसरून जाणे त्याहून सोपे असते.

नवरात्र संपल्यावर एकदा ते आठवले, आणि आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांना त्याचे नवल वाटले. त्या आपल्या मराठी-दखनी-तेलुगूच्या मिश्रणात जे म्हणाल्या त्याचा आशय असा: ते गाणे एकटीने म्हणावयाचे नसतेच. एक म्हणते, बाकीच्या फेर धरून ध्रुवपद उचलतात. तुमच्या माइकवर मी एकटी गायले असते आणि तुम्ही सगळे समोर बसून नुसते ऐकले असते. मग ते बतुकम्मा कसले?

आम्ही जो अन्याय केला असे समजत होतो, त्याहून मोठी चूक त्यांनी आम्हांस दाखविली. आमची कल्पना, अक्कांना ध्वनिक्षेपक दिला म्हणजे झाले. म्हणजे पुन्हा एक वर, बाकीचे खाली. आकाशवाणीच ती, फक्त आकाशाची जागा बदललेली. त्यांच्या लेखी ऐकणे म्हणजे साथ देणे. ज्याला ध्रुवपद येत नाही त्याने गाणे ऐकले, असे त्या मानीतच नाहीत.

तेव्हा यंदाच्या नवरात्रात आम्ही अक्कांना व्यासपीठावर बोलावणार नाही. स्वयंपाकघरामागच्या अंगणात त्या आणि त्यांच्या ओळखीच्या बायका फेर धरतील तेव्हा आमच्या घरच्या स्त्रियांनी त्यात जावे आणि आम्ही पुरुषांनी कडेला उभे राहून ध्रुवपद उचलावे, असे ठरले आहे. ध्वनिक्षेपक आतच राहील. ध्रुवपद तेलुगूत आहे. ते आम्हांस अजून पाठ झालेले नाही. चार पिढ्या या शहरात काढूनही ते पाठ झालेले नाही, हे लिहिताना संकोच वाटतो. अक्का रोज दुपारी भांडी उपडी घातल्यावर एकेक ओळ सांगतात, आणि आमचा उच्चार चुकला की मनापासून हसतात. ते हसणे ऐकून घेणे, हाही या फेडीचाच एक हप्ता आहे, असे आम्ही समजतो.